बटणावरची काळी पट्टी

तमाम रसिक जनांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, रायपूर शहरी गेली कित्येक वर्षं लोकाग्रहास्तव चालू असलेला आमचा ‘अ‍ॅम्प्लिफायर-दहन’ हा विनोदी खेळ आजपासून कायमचा बंद होत आहे. कारण त्यातला मुख्य प्रसंग खोटा आहे.

हसलात? हसा. हे लिहिताना मलाही गुदगुल्या झाल्या. हीच तर माझी खोड आहे. लाज वाटू लागली की मी आधी टाळ्या मिळवतो. लग्नाची पंगत असो, मंडळाची सहल असो, कोणीतरी म्हणतंच, “भाऊ, तो धुराचा किस्सा होऊ द्या.” मग मी उभा राहतो, अ‍ॅम्प्लिफायरचा शेवटचा आचका तोंडाने काढून दाखवतो, आणि तो दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा बावरलेला चेहरा करतो. लोक पोट धरून हसतात. पण खरं काय झालं, ते मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला ते ठाऊक आहे, पण ती गोष्ट वेगळी.

नवं राज्य झालं आणि आमचं रायपूर बघता बघता राजधानी झालं, तेव्हाची ही गोष्ट. भोपाळहून साहेब लोकांचं सामान ट्रक भरभरून येत होतं. इथली घरं अपुरी पडायची आणि जड वस्तू विकायला निघायच्या. कोणी जेवणाचं टेबल घ्यायचा, कोणी कपाट. मी जुने रेकॉर्ड प्लेयर शोधायचो. सरकारी कचेरीतला साधा बाबू मी, नवी चीज कुठून घेणार? पण दुसऱ्याने वापरून सोडलेली जपानी चीज परवडायची. हे व्यसन कसं असतं सांगू? प्लेयर बदलला की अ‍ॅम्प्लिफायर दुबळा वाटतो. अ‍ॅम्प्लिफायर बदलला की स्पीकर रडके वाटतात. माझी बायको सुनंदा एकदा म्हणाली, “सगळं बदलून झालं. आता तुमचे कान तेवढे बदलून आणा.”

या जुन्या चिजांचा वैद्य म्हणजे खेमलाल. पुरानी बस्तीत एका जिन्याखाली त्याचं दुकान होतं. आत एकच माणूस बसेल एवढं. वय तिशीचं, बोलणं कमी. त्या दिवसांत नकली ट्रान्झिस्टरांचा बाजारात सुळसुळाट होता. वरून छाप अस्सल आणि आत माती. खेमलाल त्यासाठी नागपूरला जायचा, भंगारवाल्यांकडून त्याच जातीचे मेलेले अ‍ॅम्प्लिफायर शोधायचा आणि त्यांतले जिवंत भाग काढून आणायचा. दुरुस्ती झाली की जुना, जळका भाग काडेपेटीत घालून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. आपण काय काढलं, काय घातलं, ते दिसलं पाहिजे, ही त्याची रीत. विश्वास म्हणजे दुसरं काय असतं? त्या एवढ्याशा जिन्याखाली त्याच्याकडे तेवढंच भांडवल होतं.

आता जवळ येतो. टाळत नाही — म्हणजे, टाळतोच आहे, पण येतो.

माझ्याकडे दर रविवारी सकाळी मंडळी जमायची. सगळी आपली मराठी. कोणाचे आजोबा माझ्या आजोबांसारखे रेल्वेपायी विदर्भातून आलेले, कोणी नव्या राजधानीत बदलीवर आलेलं. पोहे व्हायचे, मग गाणं. त्यांत मुख्य देशकर साहेब. सिंचन खात्यात मोठ्या हुद्द्यावर आणि आमच्या मराठी मंडळाचे सचिव. मंडळाच्या सभागृहात नवी ध्वनियंत्रणा बसवायची होती आणि वर्षभर ती सांभाळायलाही माणूस हवा होता. मीच खेमलालचं नाव सुचवलं होतं. देशकर जवळजवळ तयार होते. त्या कामाच्या भरवशावर खेमलाल जिन्याखालून निघून रस्त्यावरचं खरं दुकान घेणार होता. त्याने ते पाहूनही ठेवलं होतं. मला दाखवायला घेऊन गेला होता. रिकामं, कुलूप लावलेलं दुकान — आणि तो बाहेर उभा राहून पाटी कुठे लागेल ते हाताने दाखवत होता.

त्याच सुमारास मी मोठे स्पीकर मिळवले. कमरेइतके उंच, शिसवी पेट्या. धाकटे जुने होतेच. अ‍ॅम्प्लिफायरवर दोन बटणं होती, एक जोडी ‘ए’वर, दुसरी ‘बी’वर. खेमलालने अ‍ॅम्प्लिफायर नुकताच दुरुस्त करून आणला होता. तारा जोडल्या आणि म्हणाला, “भैया, दोनों जोड़ी एक साथ कभी मत चलाना. एक बैल है, दो गाड़ी नहीं खींचेगा.” माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे. त्याने पिशवीतून काळी चिकटपट्टी काढली, ‘बी’ बटणावर आडवी लावली आणि अंगठ्याने दाबून बसवली.

आधीच्या रविवारी देशकर म्हणाले होते, “तुमच्या या कोपऱ्यात आवाज पातळ येऊन राहिला बरं का.” एवढंच. त्या एका शब्दाने माझा आठवडा खाल्ला. पातळ! माझा आवाज! पुढच्या रविवारी मंडळी यायच्या आधी मी ती पट्टी नखाने सोलली, तिची गोळी करून कुर्त्याच्या खिशात टाकली आणि दोन्ही बटणं दाबली. चार पेट्या एकदम बोलू लागल्या. सतार भिंतींतून वाजते आहे असं वाटलं. देशकरांनी डोळे मिटले. मी — काय सांगू, मी राजा होतो. किती वेळ? रेकॉर्डची अर्धी बाजू. सतार द्रुत लयीत शिरली, तसा मी आवाज आणखी वाढवला. मग एक ठसका, एक जळका वास आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या जाळीतून धुराची बारीक वेणी.

सगळे माझ्याकडे बघू लागले. कोणी आरोप केला नव्हता. “चुकलं माझं, हावरटपणा केला” एवढं म्हणालो असतो, तर हसून पोह्यांची दुसरी बशी आली असती. मी ‘बी’ बटण गुपचूप बंद केलं आणि म्हणालो, “खेमलालनं नकली ट्रान्झिस्टर टाकलेले दिसतात.”

किती सहज निघालं ते! आधी तयार करून ठेवल्यासारखं. आणि सगळ्यांना किती सहज पटलं!

कोणीतरी त्याला फोन लावला. अर्ध्या तासात तो सायकलवर आला. पाच-सहा जण गोल करून बसलेले आणि मध्ये तो उकिडवा. झाकण उघडलं, आत पाहिलं. मग न बघताच त्याने पुढच्या बाजूला हात नेला आणि बोट ‘बी’ बटणावर फिरवलं. चिकटपट्टी निघाल्यावर डिंक राहतो ना, तो बोटाला लागला असणार. त्याने माझ्याकडे पाहिलं. चढलेला आवाज नाही, काही नाही. “भैया, यहाँ की पट्टी किसने निकाली?”

पट्टी माझ्या खिशात होती. माझा हात खिशावर होता.

मी म्हणालो, “कौन सी पट्टी?”

हाच माझा गुन्हा. तीन शब्दांचा. पहिलं खोटं घाबरून तोंडून गेलं असेल म्हणा — नाही, तेही म्हणत नाही. पण हे दुसरं मी त्याच्या डोळ्यांत बघून बोललो. खोलीत एकट्या त्यालाच ठाऊक होतं की मी खोटं बोलतो आहे, आणि ते त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. तो थोडा वेळ थांबला. मला वाटतं, मला वेळ दिला. मग “हव, ठीक है” म्हणाला, झाकण लावलं आणि अ‍ॅम्प्लिफायर गोणपाटात बांधून सायकलवर घेऊन गेला. आठ दिवसांनी दुरुस्त करून परत आणला. मजुरी घेतली नाही. जळक्या भागांची काडेपेटी मात्र दिली. तो अ‍ॅम्प्लिफायर आजही वाजतो.

सभागृहाचं काम दुसऱ्याला गेलं. मंडळींनी आपले प्लेयर, टेपरेकॉर्डर त्याच्याकडून परत आणले. रायपूर तेव्हा लहान होतं. वर्ष सरलं तेव्हा जिन्याखालच्या दुकानाला कुलूप होतं आणि खेमलाल शहराबाहेर उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये पाळीवर बिजली मिस्त्री म्हणून लागला होता. लोखंडाच्या धुरळ्यात. ज्या बोटांना डिंकाचा थर कळायचा, ती बोटं. आणि मी? मी तोवर त्या धुराचा किस्सा बांधून मोकळा झालो होतो. त्यात तो नकली माल टाकणारा भोळसट मिस्त्री होता. पाच-सहा जणांसमोर केलेली बदनामी मी नंतर शेकडो लोकांसमोर केली, हावभावांसकट.

सुनंदाने तो कुर्ता धुवायला घेतला तेव्हा तिला खिशात ती गोळी सापडली. तिने ती उलगडली, अ‍ॅम्प्लिफायरवर ठेवली आणि आत गेली. पुढे मी किस्सा सांगायला उभा राहिलो की ती पाणी आणायला उठायची. प्रत्येक वेळी. मी ते पाहायचो आणि सांगत राहायचो.

मी उरल्याला कधी गेलो नाही. जाता आलं असतं, लांब नाही.

आता एक गोष्ट उरली. ती मी वर मुद्दाम गाळली. मी “कौन सी पट्टी” म्हणालो आणि खेमलाल थांबला, त्या मधल्या वेळात देशकर साहेब बोलले होते. इतकी वर्षं मराठी गिऱ्हाईकं सांभाळलेल्या खेमलालला आपली भाषा पुरती कळायची. साहेबांना ते सुचलंच नाही. ते मोठ्याने, अगदी मनापासून, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

“जाऊ द्या हो! आपला माणूस काहून खोटं बोलन?”