किल्ल्यांची पिशवी घेऊन बीडला

शिरूर कासारच्या स्टँडवर बीडची गाडी लागली तेव्हा ऊन नुकतंच टपावर चढलं होतं. पिशवी मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसलो. गाडी खड्ड्यात आदळली की पिशवी वाजायची. कंडक्टर म्हणाला, "नाना, घुंगरं घेऊन कुणीकडं?"

"किल्ल्या हायेत. वाडीच्या."

"मग वाडी कुठंय?"

"कारखान्यावर."

त्याला पुढं सांगावं लागलं नाही. लांबच्या वाचणाऱ्याला मात्र सांगतो. दसरा झाला की आमच्या वाडीतले कोयते (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) ट्रकात बसून साखर कारखान्यांवर जातात, ते गुढीपाडव्याच्या मागंपुढं परततात. जाताना घराची किल्ली मागं राहणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याच्या हवाली करतात. आमच्याकडं हे काम माझ्या बायकोचं, कौसाचं. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिनं प्रत्येक किल्लीला निराळ्या रंगाची चिंधी बांधलेली. मी चौथी शिकलेला, पण त्या चिंध्या मला कधी उमगल्या नाहीत. तिच्यामागं उमगून घ्याव्या लागल्या.

त्याच्या आधीच्या वैशाखात कौसा हगवणीनं गेली. तेव्हा टँकरचं पाणी विहिरीत ओतत होते, माणसं नुकतीच परतली होती आणि घरटी एक आजारी होतं. शेजारगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं तर सलाईन संपलेलं. नर्सबाईच रडकुंडीला आली होती. शिरूरच्या वाटेवर बैलगाडीतच आटोपलं. यावर जास्त लिहीत नाही.

पौषात खोकल्याचं औषध आणायला त्याच दवाखान्यात गेलो. सलाईनची खोकी पत्र्याला टेकलेली. मी विचारलं, "हे कुणासाठी?"

नर्सबाई म्हणाली, "नाना, दर महिन्याला सारखाच वाटा येतो. आता वाडीत माणूस नाही, पडून राहतं. मग बीडला शिल्लक दिसते आणि उन्हाळ्यातला वाटा ते कापतात."

शिवी तोंडाशी आली होती, गिळली. तिचा काय दोष? मग मीच बीडला निघालो. लोकांच्या किल्ल्या मागं कुणावर टाकणार, म्हणून त्याही निघाल्या.

वाटेत बाभळी, करडे माळ, मधेच ज्वारीचा हिरवा पट्टा. बीड ओळखू येईना. दहा पावलांवर एस.टी.डी.चं पिवळं खोकं, भिंती रंगीत पाण्याच्या बाटल्यांच्या जाहिरातींनी भरलेल्या. ते पाणी तर आमच्या वाडीच्या पानटपरीवरही मिळायला लागलं होतं. म्हटलं, हे पोचतंय तर मीठपाण्याची बाटली वेळेवर पोचायला काय धाड भरलीय?

स्टँडबाहेर पिशवीचा बंद तुटला आणि किल्ल्या रस्त्याभर झाल्या. एक रिक्षावाला ओरडला, "बाजू व्हा बे!" मी खाली बसूनच त्याला दोन शब्द सुनावले. पेरूच्या गाड्यावरचे रज्जाकभाई धावत आले आणि वेचायला लागले.

"चाचा, पूरा गांव थैली में लेके फिरते क्या?"

मोजल्या तर तेहतीस. निळ्या चिंधीची, किसनच्या घरची सापडेना. मी रस्त्यावर रांगत शोधत राहिलो. शेवटी रज्जाकभाईंनी ती गाड्याच्या चाकाखालून काढली. मग मीठ लावून पेरू दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"साहब के सामने जादा बोलनेका नै," ते म्हणाले. "बस, थैली उलटी कर देव."

औषधांच्या ऑफिसात कारकून म्हणाला, "बाबा, कुलपांचं दुकान खाली आहे."

"मला ठावं हाय. मी वर कावून आलोय ते ईचार."

त्यानं विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर एका डॉक्टरबाईंपुढं उभा केला. चष्मा, कपाळाला आठ्या, टेबलावर कागदांचा ढीग. मी काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "आजोबा, वाढवून मागायला आला असाल तर आधीच सांगते, माझ्याकडं आहे तेवढंच आहे. तुम्हाला जास्त दिलं तर दुसऱ्या गावाचं कमी होतं."

मी पिशवी उलटी केली. पोरीबाळींच्या झग्यांच्या, लुगड्यांच्या चिंध्या त्यांच्या कागदांवर पसरल्या.

"वाढवून न्हाई मागत बाई. ही चौतीस कुलपं हायेत. आज तुमचं सलाईन या कुलपांना लागतंय. आमचं हिवाळ्यातलं आमालाच उन्हाळ्यात द्या. आन हिवाळ्यात आमची माणसं जिथं कारखान्याजवळ खोप्या करून पडलीत, तिथं बघा."

 बाई एक लाल चिंधी उचलून म्हणाल्या, "या कुणी बांधल्या?"

"जिला तुमचं सलाईन मिळालं न्हाई, तिनं."

त्यांनी कारकुनाकडं दवाखान्याची वही मागितली. वर्षाचं पान काढलं, बोट फिरवलं. मग विचारलं, "अशी कुलपं लागणारी आणखी गावं कोणती?" मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. पान भरलं. म्हणाल्या, "दुसऱ्या जिल्ह्यातल्या खोप्या माझ्या हातात नाहीत, पत्र लिहीन. तुमचा वाटा मात्र फिरवते. या किल्ल्या दोन दिवस ठेवता का? वरच्या साहेबांना दाखवते."

"न्हाई. लोकांची घरं हायेत ती."

त्या हसल्या. एकेक मोजून पिशवीत टाकल्या आणि तुटलेल्या बंदाला फाइलीची नाडी बांधून दिली.

दिवस कलताना वाडीत पोचलो तर किसनच्या ओट्यावर त्याची बायको आणि सून बसलेल्या. सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून अर्ध्यातून परतलेल्या. दुपारपासून दाराबाहेर. किसनची बायको कडाडली, "नाना, आमची किल्ली घिऊन कुठं गेलता?"

"बीडला. दाखवायला."

"किल्ली काय दाखवायची वस्तू हाय?"

बोलणी खाल्ली आणि निळी चिंधी हुडकून कुलूप काढलं. आत गारठा होता. चुलीला जाळ मीच घातला.

पाडव्याच्या आधी दवाखान्यात जाऊन आलो. खोकी आली होती, जलसंजीवनीच्या पुड्याही. ऊन तापलं, टँकर आला, हगवण त्याही साली आलीच. किसनचा तान्हा नातू एक रात्र नर्सबाईजवळ होता, सकाळी रडत घरी आला. त्याचं रडणं मी बांधापर्यंत ऐकलं.

कौसा काही परत यायची नाही. पण दसऱ्याला कोयते निघाले तेव्हा मी दारात बसून किल्ल्या घेतल्या. चौतीस आल्या. पाडव्याला ज्यानं किल्ली नेली होती, त्यानंच ती आपल्या हातानं आणून दिली; एकही हात कमी झाला नव्हता.