मागच्या पडवीतल्या दोघी

मी नऊ वर्षांची असताना वडिलांनी मला ठाण्यातल्या मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं. आईचं काही चाललं नाही. तिने एवढंच बजावलं, की शाळेतून आल्यावर आंघोळ होईपर्यंत मी घरात कोणाला शिवायचं नाही. मी मागच्या दाराने येई आणि पाणी तापेपर्यंत पडवीत उभी राही.

त्याच वर्षी दादाची बायको नांदायला आली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिच्याशी बोलत नसे. तशी मी कोणाशीच फारशी बोलत नसे.

एके दिवशी पडवीत तीच बसलेली दिसली. तरटावर, पाण्याचा तांब्या वेगळा.

"मला कावळा शिवलाय," ती म्हणाली. मग हळूच, "आणि तुम्हाला मडम. या वन्सं, बसा इथे. आता आपल्याला कोण काय करणार?"

मी तिला टेकून बसले. नाहीतरी आंघोळ करायचीच होती.

त्यानंतर दर महिन्याचे ते तीन दिवस आमचे झाले. एरवी ती खाली मान घालून कामं उरकणारी सून. पडवीत मात्र माझी वेणी उकलून पुन्हा घाली, कल्याणच्या तळ्यातल्या कासवांच्या गोष्टी सांगे, माझ्याकडून इंग्रजी शब्द म्हणवून घेऊन पोट धरून हसे. शाळेत छडी बसली, ते मी फक्त तिला सांगितलं. पाणी तापलं म्हणून आई हाका मारी, मी ऐकू न आल्यासारखं करी.

दोन वर्षांनी तिला दिवस गेले. आईने देवापुढे साखर ठेवली. ती आता बाहेर बसत नसे. मी शाळेतून आले की ती दारापर्यंत येई, "वन्सं, पाणी तापलंय," म्हणे आणि उंबऱ्याच्या आतच थांबे.

सातव्या महिन्यात तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला. मी शाळेतून परतले तेव्हा ओटी भरून झाली होती, बैलगाडी जुंपलेली होती. तिने माझ्याकडे हात केला.

"शिवू नकोस गं," आई मला म्हणाली. "आधी अंगावर पाणी घेऊन ये."

मी विहिरीवर धावले. ओल्या परकराने पुढच्या दारी आले, तर गाडी स्टेशनच्या रस्त्याला लागलेली.

बाळंतपणातून ती उठली नाही. कल्याणहून निरोप आला तेव्हा मी नुकतीच शाळेतून येऊन पडवीत उभी होते. आई रडत बाहेर आली आणि तिने मला जवळ घ्यायला हात पुढे केले.

मी मागे सरकले. म्हटलं, "माझी आंघोळ व्हायचीय."