उपाशी मासोळ्या

“पेलं? आता नाव सांग.”

क्विनाइनचा कडू डोस पाजून आमचा कंपाउंडर रोग्याच्या तोंडाकडे बघत उभा राही. औषध तोंडात धरून बाहेर लिंबाखाली थुंकणारे पुष्कळ. नाव सांगायचे तर गिळावेच लागे.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात मी रोग्यांची नावे लिहीत असे आणि उरलेल्या वेळात सरकारविरुद्ध पत्रके. आमच्या कंपाउंडरसारखा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पत्रकात तो मावत नाही.

पावसाळा सरताना हिवतापाचे रोगी व्हरांड्यात दाटत. खाटा, कांबळी, औषध, दवाखान्याला मंजूर झालेला सगळा पैसा ताप खाऊन टाकी. बाळंतिणींच्या खोलीचे छप्पर त्यापायीच दरसाल गळत राही. एका वर्षी क्विनाइन दसऱ्यालाच संपले. हिवरखेडहून बैलगाडीने आलेली माणसे कंपाउंडरला परत पाठवावी लागली. त्या दिवशी तो जेवला नाही.

मी पेटून म्हणालो, “यावर पत्रक काढतो.”

“काढ ना बापू. पण मच्छराले वाचता येते काय?”

पुढच्या पावसाळ्यात त्याने मोर्णा नदीतल्या बारीक मासोळ्या घागरींतून नेऊन माळ्यांच्या हौदांत सोडल्या. डासांच्या अळ्या त्या खातील, हा बेत. घासलेट ओतू द्यायला माळी तयार नव्हते, भाजीला वास लागतो म्हणून. मासोळ्यांना कोणाची ना नव्हती.

महिन्याने पाहतो तर मासोळ्या टम्म फुगलेल्या आणि पाण्यात अळ्यांची वळवळ तशीच. फुलांच्या मळ्यातली म्हातारी रोज सकाळी पुण्य म्हणून त्यांना कणकेच्या गोळ्या टाकत होती. तिचे पाहून शेजारच्या मळ्यांनीही तेच धरले होते.

“कावून चारतं वं माय? सरकारी नोकर हायेत त्या. कामावर हायेत.”

“मुक्या जिवाले उपाशी ठेवू? पाप लागन ना मले.”

“पाप माह्या नावावर टाक. रोज लोकाइले कडू पाजतो, त्यात हे एक.”

म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. गोळ्या बंद झाल्या.

त्या दिवाळीला कपाटात क्विनाइनची एक भरलेली बाटली उरली. त्याने ती डॉक्टरांना दाखवली, मला दाखवली, झाडणाऱ्या बाईलाही दाखवली. उन्हाळ्यात वाचलेल्या पैशांतून बाळंतिणींच्या खोलीच्या छपरावर नवे कवेलू चढले. मी पत्रक लिहायला बसलो, तर शिव्या कोणाला द्याव्यात ते सुचेना.

मग त्याची धामणगावला बदली झाली.

पावसाळ्यात एकदा मी त्या हौदाजवळून गेलो. म्हातारीच्या मुठीत कणीक होती. ती पाण्यावर वाकली, थबकली.

“तो चारू नको म्हणून गेला हाये, बायांनो,” ती मासोळ्यांना म्हणाली आणि गोळी कावळ्याला टाकली.