पासपोर्टाला लावलेलं कुंकू

माझी धाकटी बहीण अमेरिकेत राहते. तिचा नवरा आणि दोन्ही मुली तिथले नागरिक झाले, ती झाली नाही. तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि पासपोर्ट आपलाच, निळा. वडिलांनी हयातीतच देऊळघाटचं ओलिताचं शेत तिच्या नावावर करून दिलं होतं. तिकडचं नागरिकत्व घेतलं की शेत जातं, असं तिला एकाने सांगितलं. नाही जात, असं दुसऱ्याने सांगितलं. दोघेही शिकलेले होते. तेव्हापासून ती मधेच आहे.

त्या दिवाळीला ती एकटीच आली. मुलींच्या शाळा होत्या. पुढे नाताळच्या सुट्टीत त्या चौघांनी जहाजाची सहल ठरवली होती. अमेरिकेतून निघायचं, दोन बेटं पाहायची, परत तिथेच यायचं. मोठी मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजसाठी लांब जाणार होती. त्यानंतर चौघं कधी एकत्र निघतील याचा भरवसा नाही, म्हणून ही सहल. बहीण बोलायची ते एवढंच.

माझं बुलढाण्यात बियाण्यांचं आणि शेतीच्या औषधांचं दुकान आहे. परवाने, नूतनीकरण, तपासणी, सगळं मीच पाहते, त्यामुळे कागदाला मी घाबरत नाही. पण बहीण जेव्हा म्हणाली की या सहलीसाठी तिला पासपोर्ट लागेल, कार्ड लागेल आणि कदाचित एखाद्या बेटाचा व्हिसाही लागेल, तेव्हा मला ते पटेना.

"तू तर तिथे कायम झालीस ना?" मी म्हटलं. "मग पुन्हा कागद कशाला?"

आमच्याकडे माणूस एकदा कायम झाला की झाला. रोजंदारीवर असेपर्यंत साहेब रोज काहीतरी मागतो, कायम झाल्यावर त्याला कोणी हात लावत नाही. ग्रीन कार्डाचंही तसंच असेल असं मी धरून चालले होते.

"ताई, मी अमेरिकेत कायम आहे," ती म्हणाली. "बेटावर नाही. बेटवाले कार्ड नाही, पासपोर्ट पाहतात, आणि पासपोर्ट भारताचा आहे. कार्ड परत येताना लागतं. काही बेटं कार्ड पाहून व्हिसा माफ करतात. काही नाही करत."

"आणि तुझ्या मुलींना?"

"त्यांना काही नाही लागत. त्यांचा पासपोर्ट तिकडचा."

आई बाजूला करंज्या भरत बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे लेकी एका देशाच्या अन् माय दुसऱ्या? अन् पाण्यात हे धुरे टाकले कोणं?"

शेताशेतामधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. धुऱ्यावरून भांडणं होतात, मोजणी येते, खुणेचे दगड पुरले जातात. पाण्यात दगड कुठे पुरणार, हा आईचा प्रश्न मला रास्त वाटला.

तिने एक सल्लाही दिला. "असल इथं पेटीत ठेव. झेरॉक्स घेऊन जाय." आमच्या घरात आजवर मूळ कागद पेटीबाहेर गेलेला नाही. सातबाऱ्यापासून मार्कशीटपर्यंत सगळीकडे झेरॉक्सच फिरली. जहाजावर झेरॉक्स चालत नाही, मूळ कार्डच लागतं, हे बहिणीने दोनदा सांगितलं. आईला ते निष्काळजीपणाचं वाटलं. एवढी मोलाची वस्तू पाण्यावर न्यायची?

लक्ष्मीपूजनाला मी दुकानातली पूजा उरकून देऊळघाटला आईकडे गेले. पूजा संपली होती. चौरंगावर दागिने, बँकेची पुस्तकं, शेताचे कागद मांडलेले होते. दरवर्षी असतात. त्यात पासपोर्ट आणि कार्डही आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही. सकाळी चौरंग आवरताना बहिणीची किंकाळी ऐकू आली तेव्हा आलं.

पासपोर्ट फोटोच्या पानावर उघडा ठेवलेला होता. फोटोतल्या बहिणीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. ओलं करून लावलेलं. शेजारी हळद. निरांजनातलं तेल ओघळून पानाच्या खालच्या कडेला, जिथे बारीक अक्षरांच्या दोन ओळी असतात, तिथपर्यंत आलं होतं. कार्डावरही हळदीकुंकवाची दोन बोटं होती.

बहीण ओलं फडकं घेऊन धावली. मी तिचा हात धरला. ओल्याने हळद पसरते. मी कोरड्या कापसाने टिपायला लागले. फोटोवर पातळ प्लॅस्टिक असतं, त्यामुळे कुंकू बरंचसं निघालं, पण कपाळावर फिकट गुलाबी डाग राहिला. हळदीचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. ग्रीन कार्डाची एक बाजू पिवळी झाली.

"काऊन लावलं वं आई?" बहीण रडवेली झाली होती.

"जहाजानं जाऊन राह्यली तू. देवीपुढं नको ठेवू?"

"ठेव ना! पण फोटोवर?"

"फोटोत कपाय उघडं होतं तुहं. नवरा जिता हाय, अन् सरकारी पुस्तकात असा फोटो? मले पाहवलं नाही."

वडील गेल्यापासून आई कोणाला कुंकू लावत नाही. बहीण परत निघते तेव्हा तिला कुंकू लावायला आई शेजारच्या काकूंना बोलावते आणि स्वतः मागे उभी राहते. आम्ही पुष्कळदा सांगून पाहिलं, ती ऐकत नाही. फोटोला लावताना मात्र तिने कोणाला बोलावलं नव्हतं. हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं. पण त्या वेळी कामाची गोष्ट एवढीच होती, की हा पासपोर्ट चालेल का?

अमेरिकेत फोन लावला. बहिणीचा नवरा, आमचे जावई, पुण्याचे. सगळं ऐकून म्हणाले, "ताई, तुमच्याकडे पासपोर्टचीसुद्धा पूजा करतात?"

"तुमच्याकडे गाडीची करतात ना?" मी म्हटलं. "पुढचं बोला."

त्यांनी जहाज कंपनीला विचारलं. कंपनीने कळवलं की पासपोर्ट सुस्थितीत असावा. सुस्थिती म्हणजे काय, हे कळवलं नाही. ते पासपोर्ट देणाऱ्यांना विचारा, असं सांगितलं. पहिलं बेट कार्ड पाहून व्हिसा माफ करत होतं. दुसऱ्या बेटाविषयी कंपनीचं म्हणणं, तुमचं कार्ड पुरे. त्या बेटाच्या सरकारी वेबसाइटवर मात्र भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो असं होतं, आणि त्याखाली, जहाजाने येणाऱ्यांनी जहाज कंपनीला विचारावं असं होतं. म्हणजे कंपनी बेटाकडे बोट दाखवणार आणि बेट कंपनीकडे.

बुलढाण्यात चारधाम आणि दुबईच्या सहली नेणारा एक एजंट आमच्या ओळखीचा आहे. त्याच्याकडे गेलो. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"हे हिरवं कारड ना? मग पिवळं काऊन हाय?"

"हळद लागली," मी म्हटलं.

"लगीन झालं काय त्याचं?" तो स्वतःच हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "ताई, खरं सांगू? बेटावर उतरलंच नाही तं व्हिसा कायले लागते?"

हा मुद्दा मला एकदम पटला. गाडी चिखलीला थांबली म्हणून आपण चिखलीला उतरलो असं होत नाही. मी तो जावयांना सांगितला. ते म्हणाले, काही देशांत जहाज धक्क्याला लागलं की आतली सगळी माणसं त्या देशात आली असंच धरतात, उतरा की नका उतरू. काही देशांत तसं धरत नाहीत. हे बेट कुठल्या प्रकारचं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शेवटी मी बहिणीला घेऊन पासपोर्ट ऑफिसात गेले. डाग सांगण्यापेक्षा दाखवलेला बरा. तिथल्या साहेबांनी पान प्रकाशात धरलं, बोट फिरवून पाहिलं.

"हे कशाचं आहे?"

मी म्हटलं, "कुंकू. आईने लावलं."

त्यांनी एकदा बहिणीकडे पाहिलं आणि हसू दाबलं. "अक्षरं वाचता येतात. फोटो ओळखू येतो. माझ्या दृष्टीने काम भागेल. पण तिकडचा माणूस काय म्हणेल, ते मी इथून कसं सांगू? नवीन हवा असेल तर अर्ज करा, हाच खराब झालेला म्हणून बदलून मिळेल. पण यांचं राहणं तिकडे, चौकशी होणार. तुमच्या परतीच्या तारखेआधी हातात येईलच असं नाही."

म्हणजे चालेल, पण चालणार नाही असंही होऊ शकतं. नवीन घ्यावा, पण घेतला तर वेळेत पोचणार नाही. बाहेर आल्यावर बहीण पायरीवरच बसली.

"सहलीच्या फोटोत तिघंच असतील," ती म्हणाली. "मी बंदरावरून हात हलवीन."

"आधी अमेरिकेत तर पोच," मी म्हटलं. "जे विमानात चालेल ते जहाजात चालेल." मला यातलं काही माहीत नव्हतं. पण कोणीतरी काहीतरी ठरवायला पाहिजे होतं, आणि दुकान उघडायची वेळ झाली होती.

निघायच्या दिवशी आईने शेजारच्या काकूंना बोलावलं. त्यांनी कुंकू लावलं, आई मागे उभी राहिली. या वेळी तर तिने पासपोर्टच्या पिशवीलाही हात लावला नाही.

बहीण पोचली. मुंबईला कोणी अडवलं नाही. अमेरिकेच्या विमानतळावर अधिकाऱ्याने कार्ड नखाने खरवडून पाहिलं, बोटांचे ठसे घेतले आणि सोडलं. मला वाटलं, सुटलो. पण जावई म्हणाले, तो अधिकारी सरकारचा, जहाजाच्या काउंटरवरचा माणूस कंपनीचा. कागद पटला नाही तर तो धक्क्यावरून परत पाठवू शकतो, आणि भरलेलं तिकीट गेलंच. म्हणजे जे विमानात चाललं ते जहाजात चालेलच असं नाही. माझं वाक्य तिथेच निकालात निघालं.

जहाजाच्या दिवशी सकाळी, म्हणजे आमच्या संध्याकाळी, बहिणीचा फोन आला. आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"कुंकू लावलं का?"

"आई, इथं कोण लावते?"

"लाव. फोटोत हाय अन् तोंडावर नाही, मंग तो माणूस काय म्हणन? म्हणन, ही बाई दुसरीच हाय."

पलीकडे जावई हसलेले ऐकू आले.

नंतर बहिणीने जे सांगितलं ते असं. तिने धाकट्या मुलीच्या पाकिटातली लाल टिकली लावली. काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट उघडला. फोटो पाहिला, बहिणीकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मशीनमध्ये घातला. मशीनने घेतला नाही. मुली मागे बॅगांना धरून उभ्या होत्या. बाईने पासपोर्ट आपल्या बाहीवर पुसला आणि पुन्हा घातला. या वेळी घेतला. मग तिने मूळ कार्ड मागितलं, नाव तिकिटाशी जुळवलं आणि स्वतःच्या कपाळाला बोट लावून म्हणाली, छान दिसतं. झालं. चौघं आत गेली.

दुसऱ्या बेटावर बहीण उतरली नाही. व्हिसाचं कोडं सुटलं नव्हतं आणि तिला आता कोणापुढे पासपोर्ट उघडायचा नव्हता. ती वर कठड्याशी खुर्ची टाकून बसली. नवरा आणि मुली फिरून आल्या. त्यांना उतरताना फक्त जहाजाने दिलेलं कार्ड दाखवावं लागलं. पासपोर्ट कोणी पाहिलाच नाही. म्हणजे ती उतरली असती तर चाललं असतं. किंवा नेमका तिचाच पाहिला असता. यावर आमच्यात अजून एकमत नाही.

ती आत कशी गेली यावरही नाही. जावई म्हणतात, मशीनने वाचलं म्हणून. एजंट म्हणतो, मूळ कार्ड जवळ होतं म्हणून. आई नुसती मान हलवते. मी एवढंच धरून ठेवलं आहे, की कार्डाने घरी परतता येतं आणि बाकी सगळीकडे पासपोर्ट. त्यातही काही सुटलं असेल.

सहलीहून आल्यावर बहिणीने तिकडच्या आपल्या वकिलातीतून नवा पासपोर्ट करून घेतला. पुढच्या दिवाळीला आली तेव्हा तिने तो आपणहून आईच्या हातात दिला. फोटोत टिकली होती. फोटोसाठी मुद्दाम लावून गेली होती.

आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "लहान हाय," ती म्हणाली.

"तेवढीच चालते तिकडे."

"कोणं सांगतलं?"

बहिणीला तेही नक्की माहीत नव्हतं.

निघायच्या दिवशी शेजारच्या काकू करंडा घेऊन आल्या. बहिणीने तो त्यांच्या हातातून घेतला आणि आईपुढे धरला. "तूच लाव. नाही तं पुन्हा पासपोर्टाले लावशीन."

"मी नाही लावत."

"फोटोले लावलं तवा?"

आईने काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "लाव वं, गाडी खोळंबली." मग आईने बोट बुडवलं आणि बहिणीच्या कपाळावर लावलं. चांगलं मोठं. थोडं नाकावर सांडलं. मी गाडी सुरू केली, कारण खरंच उशीर झाला होता. पासपोर्ट बहिणीच्या पर्समध्ये होता, चेन लावलेली.