नऊ फुटांचं एकसंध कपाट

पायथागोरसचा सिद्धांत मी एकवीस वर्षं शिकवतो आहे आणि एका रविवारी सव्वा तास त्यातच कोंडला गेलो होतो.

आमच्या शाळेत दहावीला व्यावसायिक शाखा आहे. मुलं सुतारकाम आणि वेल्डिंग शिकतात, मी त्यांना त्या कामापुरतं गणित शिकवतो. फळा दिसला की जांभया देणारी ही मंडळी हातात टेप दिला की ताठ बसतात. म्हणून मी यंदा वर्गात गर्जना केली, "प्रकल्प खरा! खऱ्या घरात! भिंतीपासून भिंतीपर्यंत, जमिनीपासून छतापर्यंत एक भव्य कपाट!"

(खरं घर कुणाचं, ते जरा हळू आवाजात सांगितलं. आमच्या सौभाग्यवती, सुनंदाबाई, अकरा वर्षं कपाटासाठी माझ्या मागे लागल्या होत्या.)

मापं मी स्वतः घेतली. छत नऊ फूट. कपाट नऊ फुटांना एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी. कपाटाची खोली दोन फूट. वर्गातली सलमा, सुतारकामातला आमचा हुकमी एक्का, कागद बघून म्हणाली, "सर, वरचा भाग वेगळा करू या का? अब्बू नेहमी दोन भागांत करतात."

"का?"

"माहीत नाही सर. पण करतात."

"सलमा," मी खडू हवेत रोखला, "कारण माहीत नसताना केलेली गोष्ट म्हणजे अंधश्रद्धा! आपण गणितवाले! एकसंध करायचं!"

फळ्या शाळेतच कापल्या आणि शनिवारी आमच्या बेडरूममध्ये कपाट आडवं ठेवून जोडलं. देखणं झालं होतं! रविवारी सकाळी दहाला ते फक्त उभं करायचं बाकी होतं.

अकराला पाहुणे येणार होते. आमच्या लेकीनं, रेवतीनं, स्वतःचं लग्न स्वतः जमवलं होतं. मुलगा पसंत, मुलाची आई राजी. अडले होते फक्त मुलाचे वडील, एकलहऱ्याचे भालेरावसाहेब. ते घर बघून ठरवणार होते. रेवतीनं मला आठवडाभर बजावलं होतं, "बाबा, एक तास. फक्त एक तास सर्वसाधारण माणसासारखं वागा."

"दहा मिनिटांचं काम आहे गं!" मी म्हणालो आणि कपाटाच्या डोक्याकडून, भिंतीच्या बाजूला शिरलो. दाराच्या बाजूनं सलमा आणि तीन मुलं दोरी ओढणार, मी खालून रेटणार.

"ओढा!"

कपाट उठलं. अर्धं उठलं. पाऊण उठलं. आणि खाट्!

"सर, छताला लागलं!"

"कसं लागेल? नऊ फुटांना एक सूत कमी आहे! गणितावर विश्वास ठेवा! ओढा!"

त्यांनी विश्वास ठेवला. वरचा कोपरा छताच्या प्लास्टरमध्ये असा रुतला, की कपाट ना वर जाईना, ना खाली येईना. भिंतीपासून भिंतीपर्यंत असल्यामुळे बाजूनं झुरळ निघायलाही फट नव्हती. (माप अचूक होतं ना!) समोर तिरकं कपाट, मागे भिंत, खाली फरशी. अशा त्रिकोणात मी, आणि सोबतीला एक खिडकी. तिला गेल्या वर्षीच्या वेल्डिंगच्या मुलांनी केलेली गजांची जाळी होती. हलवून पाहिली. अप्रतिम काम! मीच पैकीच्या पैकी गुण दिले होते.

"अहो, तुम्ही आहात कुठे?" पलीकडून सुनंदाचा आवाज.

"आत!"

"कशाच्या आत?"

तासभर रेटारेटी करूनही कपाट हललं नाही आणि अकराला फाटक वाजलं. आमची ही खिडकी नेमकी फाटकासमोर. पुढे भालेरावसाहेब, हातात चिवड्याचा पुडा. मी काय करणार? दोन्ही हात गजांतून बाहेर काढून जोडले. "या, या! घर आपलंच समजा!"

साहेब थबकले. "तुम्ही बाहेर येत नाही?"

"सध्या नाही."

पाठीमागून धावत आलेली रेवती भिंतीला टेकून डोळे मिटून उभी राहिली. सुनंदानं मात्र कमाल केली. अंगणात खुर्ची टाकली, साहेबांना चहा दिला आणि गजांतून एक कप मलाही दिला. साहेब चहा पीत माझ्याकडे बघत राहिले, प्राणिसंग्रहालयात बघतात तसे.

"सर," कपाटापलीकडून सलमा ओरडली, "कारण कळलं! उभं करताना उंची नाही, तिरकी लांबी छताला लागते! कर्ण!"

"किती आहे?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"एकशे दहा इंचांच्या वर. छत एकशे आठ!"

एकवीस वर्षं! दरवर्षी फळ्यावर काढलेला कर्ण!

"मग आता?"

"कपाट खालून तीन इंच कापते. करू?"

मी भालेरावांकडे पाहिलं, रेवतीकडे पाहिलं. "कर बाई. तुझंच बरोबर होतं. अब्बूंचंही."

करवत चालली, मुलांनी दोरी धरली आणि सव्वाअकराला कपाट डुलत उभं राहिलं. मुलांनी ते थोडं पुढे, दारापाशी खोली रुंद होते तिथवर ओढलं, तसा मी बाजूच्या फटीतून बाहेर आलो. डोक्यावर प्लास्टर, हातात रिकामा कप.

भालेरावसाहेब उठले. "घरून सांगितलं होतं, माणूस नीट पारखून या," ते सावकाश म्हणाले. "इतका निवांत पारखायला कुणी मिळाला नव्हता. जागचे हलतच नव्हते!" मग रेवतीकडे वळले. "तुझे बाबा चुकलं तर मुलांसमोर कबूल करतात गं. आमच्या घरी हे मला कधी जमलं नाही. ये तू, जरा शिकव."

रेवतीचं लग्न पार पडलं. सलमाला प्रकल्पात पैकीच्या पैकी मिळाले. कपाटावर मात्र तीन इंचांची फट कायमची राहिली. गणिताचा उत्तम शिक्षक म्हणून मला मिळालेलं चौकटीतलं प्रशस्तिपत्र सुनंदानं तिथे आडवं सरकवून ठेवलं आहे.

अगदी मापात बसलं!