मिलिंददादाची पावलं आणि माझा एक मेसेज

माझ्या भावाचं दुखणं माझ्या फोनला चार दिवस आधी दिसलं होतं.

मला तो आळस वाटला.

आज मिलिंददादाला जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे लिहायचं टाळत होते. आता टाळायचाही कंटाळा आलाय.

दादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. मार्केट यार्डात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात त्याची सगळी नोकरी झाली. ऑफिस उघडलं की आधी पेपर, मग चहा, मग कांद्या-बटाट्याच्या गाड्या.

मी शाळेत असताना दर रविवारी तो मला अग्रलेख मोठ्याने वाचायला लावायचा. उभं राहून.

"पानी नाही, पाणी. परत वाच. उद्या तुला चार लोकांसमोर बोलायचंय."

आज मी चार लोकांसमोर बोलते. सगळं इंग्रजीत असतं, तो भाग वेगळा. पण उभं राहायची भीती गेली ती त्याच्यामुळे.

दादा रिटायर झाला आणि वर्षभरात त्याची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं.

तो वारजेला, मी खराडीला. एकच शहर, पण जाऊन यायचं तर अख्खा दिवस जातो.

म्हणून मी त्याच्या फोनवर दोन अ‍ॅप टाकून दिली. एक चालण्याचं, त्याची पावलं मला माझ्या फोनवर दिसायची. दुसरं बातम्यांचं, अक्षरं मोठी करून. "हल्ली पेपरवाले बारीक छापतात" अशी त्याची तक्रार होती. चष्म्याचा नंबर वाढलाय हे त्याला मान्य नव्हतं.

मग रोज सकाळी आठला त्याचा फोन यायला लागला.

"ही बातमी वाचलीस का?"

आणि पूर्ण वाचून दाखवायचा. त्यावर त्याचं मत. मत बातमीपेक्षा मोठं.

साडेआठला माझी मीटिंग असायची. एक दिवस मी म्हणाले, "दादा, लिंक पाठवत जा ना. मी सवडीने वाचते."

दोन दिवसांत तो लिंक पाठवायला शिकला. फोन बंद झाले.

मी लिंक न उघडता अंगठा पाठवायचे. रोज.

पावलांवर मात्र माझं बारीक लक्ष होतं. सात हजार, आठ हजार. मी मैत्रिणींना स्क्रीनशॉट दाखवायचे, बघा माझा भाऊ, बासष्ट वर्षांचा आहे.

त्या आठवड्यात सोमवारी तीन हजार झाली. मंगळवारी दोन. बुधवारी त्याहून कमी.

गुरुवारी दुपारी डबा खाताना मी मेसेज केला. "दादा, काय हे? आळस बास आता. आज सहा हजार झालेच पाहिजेत."

त्याचं उत्तर आलं, "बरं मॅडम."

संध्याकाळी साडेसातला अ‍ॅपची सूचना आली. सहा हजार पूर्ण.

मी टाळ्या पाठवल्या. खरंच आनंद झाला होता मला.

शुक्रवारी सकाळी रेखावहिनींचा फोन आला. दादा उठला, चहा प्यायला, खुर्चीत बसला आणि गेला.

पुढचं मला वहिनींकडून कळलं. सोमवारपासूनच त्याला धाप लागत होती. जिना चढताना मध्येच बसायचा. "गॅस झालाय, शनिवारी दाखवू डॉक्टरांना," म्हणाला. गुरुवारी वहिनी नको म्हणत असताना खाली गेला. सोसायटीच्या बागेला एक फेरी मारायची, बाकावर बसायचं, परत उठायचं.

"सुजाताला आकडा दिसतो. ती उगाच काळजी करत बसेल," असं सांगून गेला होता.

मी त्याची फाइल घेऊन डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, धाप लागली तेव्हाच यायला हवं होतं. त्या दिवशी चालले नसते तरी झालं असतं कदाचित. असं एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही.

चांगले बोलले. मला त्याचा उपयोग झाला नाही.

मेसेजचं मी कोणालाच सांगितलं नाही. आठ महिने. मग एका रविवारी वारजेला गेले आणि वहिनींना सांगून टाकलं. त्या मेथी निवडत होत्या. हात थांबला नाही.

"माहितीये. त्याच दिवशी वाचला होता मी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुझ्यामुळे गेले असं मी म्हणणार नाही. मी तर शेजारी होते, मी पण गॅसची गोळीच दिली ना."

त्यांनी पुढची काडी खुडली.

"पण तू फोन करायला हवा होतास, सुजाता. आवाज ऐकला असतास तर तुला कळलं असतं. आणि तू विचारलं असतंस तर तुझ्याशी ते खोटं बोलले नसते."

मी मान हलवली. त्यांनी अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली. दोघींनी मेथी निवडली.

अ‍ॅपचा काही दोष नाही. त्याने आकडा बरोबर दाखवला होता.

आज घरी बुद्धवंदना झाली, खीर झाली, नातेवाईक जेवून गेले. वर्षभर मी सगळ्यांना "अटॅक आला" एवढंच सांगत होते. त्यापुढचं हे असं होतं.

"तुझी चूक नाही" असं कृपया खाली लिहू नका. डॉक्टरांनी आणि वहिनींनी ते आपापल्या परीने सांगून झालंय, आणि मी दमलेय. दादा तुम्हाला कधी भेटला असेल तर त्याच्याबद्दल काही लिहा. मी आणि वहिनी वाचू.

जय भीम, दादा.