आबा त्या सकाळी उशिरा उठले

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. चकवा, हडळ, पिंपळावरचा मुंजा... वाचायचं, थोडं हसायचं आणि पान उलटायचं. मी बी.एस्सी. झालोय, आमच्या घरातला पहिलाच पदवीधर. त्यात आमचं घर आज्यापासून ख्रिस्ती. उतारे, अंगारे, नजर काढणं यातलं काहीच आमच्याकडं चालत नाही. संध्याकाळी प्रार्थना झाली, जेवणं झाली की पाठ टेकायची. तरीही आज लिहायला बसलोय. चर्चच्या पाळकसाहेबांना सांगून झालं, मित्रांना सांगून झालं, पण मन थाऱ्यावर येत नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, वडवणीच्या जवळ. माझे वडील, म्हणजे आबा, यांनी आयुष्यभर विहिरींचा गाळ काढला. पार मांजरसुंब्यापासून लोक त्यांना बोलवायला येत. त्या गाळाच्या पैशावर त्यांनी मला बीडला बोर्डिंगात ठेवून शिकवलं, याची जाण मला रोज असते. पुढं मला गावाजवळच्या सहकारी दूध संस्थेत नोकरी लागली. दुधाचं फॅट तपासायचं आणि सभासदांच्या अडीअडचणी बघायच्या.

आबांची कामाची एक पद्धत होती. बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत ते कुणालाही एकदम उतरू देत नसत. आधी कडुलिंबाचा मोठा हिरवा डहाळा तोडायचा, त्याच्या फांद्यांमध्ये एक पोतं आडवं गुंतवायचं, तो दोराला उलटा बांधायचा आणि काठावर उभं राहून विहिरीत खालीवर, खालीवर करायचा. खाली कोंडलेली खराब हवा त्यानं वर निघते. मग कंदील सोडायचा. कंदील तळापर्यंत पेटता राहिला तरच माणूस उतरणार. नुसता डहाळा बरेच जण वापरतात, पण मध्ये पोतं गुंतवणारे आमच्या भागात आबाच. माझे पेत्रसकाका, आबांचे धाकटे भाऊ, अशाच एका विहिरीत घाईनं उतरले आणि वर आला तो त्यांचा देहच, दोराला बांधून. तेव्हापासून आबा पोतं गुंतवायला लागले.

आता मूळ गोष्टीकडं येतो. त्या वर्षी दुष्काळ फार वाईट होता. जनावरं छावणीत, माणसं टँकरच्या वाटेवर आणि आमच्या संस्थेत दुधाचे कॅन निम्मेसुद्धा भरत नव्हते. अशात आमच्या मंडळीतून — म्हणजे चर्चमधून — मला विचारणा झाली. सहा जणांचा एक गट दोन आठवड्यांच्या सेवेसाठी केनियाला जाणार होता. तिथल्या एका कोरड्या भागात चर्चच्या बायकांनी दुधाची सहकारी संस्था काढली होती. त्यांना फॅट तपासणी आणि हिशोबाची पद्धत शिकवायची, मुलांचं बायबल शिबिर घ्यायचं आणि संस्थेच्या आवारातली बुजत आलेली विहीर साफ करून द्यायची. दूध आणि विहीर, दोन्ही कळणारा माणूस म्हणून माझं नाव पुढं आलं. तिकिटासाठी मंडळीतल्या लोकांनी वर्गणी काढली. ज्यांच्या घरी पाण्याचा घडा मोजून वापरत होते, त्यांनीसुद्धा दिली. ते मी विसरणार नाही.

टोमणेही बसले. संस्थेच्या दारात आमचे एक सभासद कॅन उतरवता उतरवता म्हणाले, "काय बे शमुवेल, हितं टँकरची वाट बघून डोळे गेले, अन् तू तिकडं परदेशात हिरी उपसायला चाललास?" सगळे हसले, मीही हसलो. पण ते बोलणं विमानात बसेपर्यंत मनात टोचत होतं.

आबांना मी केनिया म्हणजे कुठं हे सांगायचा प्रयत्न केला. त्यांना तेवढ्यात रस नव्हता. विहिरीचं ऐकल्यावर मात्र त्यांनी मान वर केली.

"दूध शिकीव, गाणी म्हण, देवाचं सांग. पण हिरीत उतरू नकू."

मी म्हणालो, आबा, तिथं सगळी सामग्री असते.

"सामग्री असंल. तुझा काकाबी सामग्री घेऊनच उतरलता."

एवढंच बोलून ते उठून गेले. मी निघालो त्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

केनियात उतरल्यावर पहिले दोन दिवस मला सारखं वाटायचं, आपण मराठवाड्यातच आहोत. तीच तांबूस धूळ, तशाच बाभळी, तशाच डोक्यावर कॅन घेऊन चाललेल्या बायका. चर्चच्या खोल्यांमध्ये आमची राहायची सोय होती. संस्थेचं आवार तिथून चालत जाण्याइतकं जवळ. तिथं मुतुआ नावाचा राखणदार होता, पन्नाशीचा, शांत माणूस. इंग्रजी बरं बोलायचा. आमच्या गटाचे प्रमुख डॅनियल सर, औरंगाबादचे, कॉलेजात शिकवणारे.

विहिरीचं काम आम्ही गुरुवारी सुरू केलं. तिथलीच दोन माणसं आणि मी असे आळीपाळीनं उतरत होतो. होय, आबांचं ऐकलं नाही. विहीर उघडी होती, वारा खेळत होता, पेटता कंदील सोडून बघितला होता, काळजीचं काही नव्हतं. शनिवारी तळाला थोडं पाणी लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी गाणं म्हटलं. पाणी काढायला पेट्रोलवर चालणारा छोटा पंप आणला आणि तो आतल्या एका खडकाच्या टप्प्यावर ठेवून संध्याकाळपर्यंत चालवला. मग शेळ्या-कुत्री पडू नयेत म्हणून विहिरीच्या तोंडावर पत्रे टाकले, वर दगड ठेवले. रविवारी उपासना, काम बंद. सोमवारी सकाळी पहिला मी उतरायचं ठरलं होतं.

रविवारी मला काही सुचत नव्हतं. उपासनेत मन लागेना, जेवण जाईना. आजारी नव्हतो, पण एका जागी बसवत नव्हतं. घरी फोन लावला तर रेंज नाही. डॅनियल सर म्हणाले, घरची आठवण येत असेल. मीही तसंच धरून चाललो.

सोमवारी आम्ही चहा पिऊन आवारात गेलो. बघतो तर पत्रे बाजूला सरकवलेले. काठावर दोर अस्ताव्यस्त पडलेला, आणि दोराच्या टोकाला हिरवा डहाळा. तिथल्याच झाडाचा. पानं ओली, त्यांना विहिरीतला काळा गाळ लागलेला.

मी जवळ गेलो. डहाळ्याच्या फांद्यांमध्ये मक्याच्या पिठाचं रिकामं पोतं आडवं गुंतवलेलं होतं.

मी खाली बसून ते पोतं हातानं चाचपून बघितलं. डॅनियल सरांनी विचारलं, काय झालं? तेवढ्यात मुतुआ शेळ्यांच्या खोपटाकडून आला आणि सहज विचारलं, तुमचा म्हातारा चहाला आला नाही का?

कोण म्हातारा? आमच्या सहा जणांत चाळिशीच्या पुढचा कुणीच नव्हता.

मुतुआनं जे सांगितलं ते असं. उजाडायला लागलं तेव्हा विहिरीवर एक माणूस दिसला. त्याला वाटलं आमच्यातलाच, कारण रंगरूप आमच्यासारखं. बारीक अंगाचा, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, अनवाणी, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली झुकलेला. दोर धरून काहीतरी विहिरीत खालीवर करत होता, थांबतच नव्हता. मुतुआनं हाक मारली, त्यानं मान वर केली नाही. सूर्य वर आला तरी चालूच. मग मुतुआ शेळ्या सोडायला गेला आणि परत बघितलं तर काठावर कुणी नाही. दोर तसाच टाकलेला. त्याला नवल वाटलं, कारण कामाचा माणूस दोर असा मधेच टाकून जात नाही.

आबांचा उजवा खांदा दोर ओढून ओढून झुकलेला आहे. डोक्याला टॉवेल गुंडाळल्याशिवाय मी त्यांना कामावर पाहिलेलं नाही.

मी कंदील मागितला. पेटवून दोरानं खाली सोडला. निम्म्यावर गेला आणि विझला. वर काढून परत पेटवला, परत सोडला... परत विझला. पंपाचा धूर आणि वर झाकलेले पत्रे, डॅनियल सरांच्या लगेच लक्षात आलं. ते पांढरेफटक पडले. गुरुवारी कंदील बघून झाला होता, त्यामुळं आज परत कुणी बघणार नव्हतं. डहाळा दिसला नसता तर पंधरा मिनिटांत मी आत असतो.

मग मी तो डहाळा उचलला आणि काठावर उभा राहिलो. खालीवर, खालीवर. इतरांनी हात बदलायला बघितलं, मी दोर सोडला नाही. कंदील तळापर्यंत पेटता राहायला दुपार झाली. त्या दिवशी विहिरीत कुणी उतरलं नाही.

डॅनियल सरांनी आसपास सगळीकडं चौकशी केली. ना कुणी डहाळा बांधला होता, ना असा माणूस कुणी पाहिला होता. मी मोबाईलवर त्या डहाळ्याचा फोटो काढून ठेवला.

संध्याकाळी कसाबसा फोन लागला. मायनं उचलला, आणि मी काही बोलायच्या आत तीच बोलायला लागली.

"शमू, तुझ्या आबानं आज लई घोर लावला बघ. पहाटं उठणारा माणूस, ऊन अंगणात आलं तरी उठंना. हलवलं, हाका मारल्या. अंग घामानं न्हालेलं अन् खांदे नुसते हलायलेत. शेजारची माणसं गोळा झाली. शेवटी मी घागरीतलं पाणी तोंडावर मारलं, तवा डोळे उघडले."

मी विचारलं, मग?

"उठून बसला अन् माझ्यावरच खेकसला. म्हन्ला, कावून उठवलं? अजून हवा निघाली न्हवती. पोरगं उतरलं तर?"

मायला त्याचा काहीच अर्थ लागला नव्हता. ऊन लागलं असेल म्हणून तिनं त्यांना कांद्याचा रस दिला होता. मी विचारलं, किती वाजले होते? ती म्हणाली, नवाचा टँकर नुकता आला होता. आपल्याकडं नऊ वाजतात तेव्हा केनियात साडेसहा झालेले असतात. मुतुआच्या शेळ्या सोडायची वेळ.

परत आल्यावर आबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना त्या सकाळचं काही आठवत नाही, मायला काय म्हणाले तेही नाही. मी मोबाईल पुढं केला. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला.

"पोतं लई वर बांधलंय," ते म्हणाले. "घाईत बांधलेलं दिसतंय."



पाळकसाहेब म्हणतात, प्रभूनं दूत पाठवला आणि तुला ओळखीचा वाटावा म्हणून त्या रूपात पाठवला. डॅनियल सर म्हणतात, तिथलाच कुणी जाणता माणूस असेल, बाकी योगायोग. दोघंही माझ्याहून जास्त शिकलेले. दोघांचंही मला पटावंसं वाटतं, पण मायचं बोलणं आठवलं की दोन्ही उत्तरं तिथंच अडतात. आबा अर्ध्यावर परत आले, कारण त्यांना उठवलं. समजा, मायनं आणखी थोडं आधी उठवलं असतं, डहाळा बांधायच्याही आधी...

आबा आता थकलेत. एखाद्या दिवशी त्यांना जाग यायला उशीर होतो. माय काळजीनं हाक मारायला जाते, तर मी तिला अडवतो. संस्थेत जायला उशीर झाला तरी चालेल, मी त्यांच्या खाटेशेजारी बसून राहतो आणि त्यांच्या खांद्यांकडं बघत राहतो. ते आपणहून डोळे उघडेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही, असं मी घरात सांगून ठेवलंय.